रडू नका, असे आम्ही म्हणालो

नोव्हेंबर जवळ आला की आपल्या दफनभूमीत वर्दळ वाढते. गवत काढायचे, क्रुसांना चुना लावायचा, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या आणायच्या. 2 तारखेला फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि आम्ही मृतांच्या नावांची यादी वाचतो. त्या यादीमुळेच आज लिहायला बसलो आहोत, बंधुभगिनींनो. यात आमची एक चूक आहे, तीही सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातल्या एका मावशींचा तरुण मुलगा गेला. पॉवरलूमवर रात्रपाळी करून आला, झोपला, तो उठलाच नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही भेटीला गेलो. मावशी जमिनीवर बसून मोठ्याने रडत होत्या. आम्ही बायबल उघडले, ईयोबाचा पहिला अध्याय वाचला आणि म्हणालो, "मावशी, रडू नका. देवाची इच्छा. तो देवाघरी सुखात आहे." मावशींनी पदराने डोळे पुसले, उठल्या आणि आमच्यासाठी चहा टाकला. परतताना आम्हाला वाटले, वचनाने काम केले.

पुढे मावशी दर रविवारी मिस्सेला येत राहिल्या. डोळे कोरडे, अंग वाळत चाललेले. बोलल्या तर एकच बोलायच्या, "मास्तर, मीच वाईट. त्या दिवशी मी त्याला उठवायला पाहिजे होतं." मुलाची सायकल ओसरीत होती. रोज पुसलेली, चाकांत हवा भरलेली. मृतांच्या यादीसाठी मात्र त्यांनी कधी त्याचे नाव दिले नाही.

आम्ही बी.ए.ला मानसशास्त्र घेतले होते. सिग्मंड फ्रॉइड तेव्हा परीक्षेपुरता वाचला, आणि तो देव न मानणारा म्हणून नंतर कपाटातच राहिला. मावशींमुळे ते पुस्तक पुन्हा काढले. 1917 साली छापलेल्या एका निबंधात त्याने शोक आणि विषण्णता यांतला फरक सांगितला आहे. शोकात माणसाला जग रिते वाटते; विषण्णतेत माणूस स्वतःच रिता होतो आणि उठता बसता स्वतःला दोष देतो. पण हे दोष नीट ऐकावेत, असे तो म्हणतो. पुष्कळदा तो गेलेल्या माणसावरचा राग असतो, बाहेर पडायला वाट न मिळाल्याने उलटून स्वतःवर आलेला. शोक हे त्याच्या मते मनाचे काम आहे. एकेक आठवण हातात घ्यायची आणि माणूस आता नाही, हे मनाला पटवायचे. याला वेळ लागतो, आणि बाहेरच्याने त्यात घाई करू नये.

घाई आम्ही केली होती. ईयोबाचा पहिला अध्याय वाचला. दुसराही वाचायचा होता. तिथे त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. त्यांचे बिघडले ते तोंड उघडल्यावर! आणि लाजरला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू कबरेकडे जाताना रडला. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने रडू नये, हे आम्ही कुठून शिकलो कोण जाणे.

आपल्या गावाला तर शोक नवा नाही. 17 जून 1631 रोजी मुमताज महल इथेच, बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला पुरले. डिसेंबरमध्ये शव आग्र्याला नेले. लोक ताजमहाल पाहतात, पण पहिली कबर आपल्याकडची. दरबारी बखरकारांनी लिहिले आहे की शाहजहान आठवडाभर लोकांसमोर आला नाही आणि थोड्याच दिवसांत त्याची दाढी पांढरी झाली. त्याला कोणी घाई केल्याचे दिसत नाही. त्याच काळात दख्खन आणि गुजरातेत मोठा दुष्काळ होता, माणसे रस्त्यांवर मरून पडत होती. त्यांच्या आयांनी किती दिवस शोक केला, ते कोणी लिहिले नाही. बादशहाला आठवडा मिळाला. मावशींना आम्ही तीन दिवसही पुरते दिले नाहीत.

गेल्या वर्षी 2 नोव्हेंबरला दफनभूमीतून आम्ही परभारे मावशींकडे गेलो. बायबल पिशवीतच ठेवले. सायकलकडे पाहून विचारले, "ही कधी घेतली होती?" पहिल्या पगाराची, त्या म्हणाल्या. मग कुठल्या दुकानातून, किती घासाघीस करून, सारे सांगितले. सांगता सांगता एकदम आवाज चढला. "मला न सांगता गेला, मास्तर! म्हातारपणी मला कोणाच्या भरवशावर टाकलं त्यानं? आणि देवाला दुसरं घर दिसलं नाही?" आणि त्या रडू लागल्या, त्या तिसऱ्या दिवसासारख्याच मोठ्याने. उत्तर आमच्या जिभेवर आले होते. ते गिळले. दिवेलागण होऊन गेली तरी बसून राहिलो.

मावशी लगेच बऱ्या झाल्या, असे नाही. झोप आणि जेवण सुटलेलेच होते, तेव्हा त्यांना डॉक्टरकडेही नेले. प्रार्थना करणाऱ्याला औषध वर्ज्य नाही.

फ्रॉइडची स्वतःची मुलगी सोफी जानेवारी 1920 मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. 26 वर्षांची, पोटात तिसरे मूल. नऊ वर्षांनी, तिच्या जन्मदिवशी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला त्याने पत्र लिहिले. तीव्र शोक ओसरतो, पण ती जागा कशानेच पूर्ण भरत नाही, आणि तसेच असायला हवे, कारण प्रेम टिकण्याची ती एकच रीत आहे, असा त्याचा आशय आहे. शोकाचे काम संपते असे लिहिणारा हाच माणूस! आम्हाला निबंधाहून ते पत्र जवळचे वाटते.

यंदाच्या यादीसाठी परवा मावशींनी एक चिठ्ठी आणून दिली. मुलाचे नाव त्यांच्याच अक्षरात आहे, मागे पोस्टाच्या हिशेबाची बेरीज. सायकल अजून ओसरीतच आहे. तिचे काय करणार, हे आम्ही विचारलेले नाही.