गोठ्यातली ठेव

दिवाळीला सेनगावी गेलो की मी आधी गोठ्यात डोकावतो. गाईसाठी नव्हे, माझी १९८४ ची राजदूत ३५० तिथे पोत्यांखाली निजलेली असते.

यामाहाच्या आर. डी. ३५० चा हा देशी अवतार १९८३ साली आला, तेव्हा सेनगाव परभणी जिल्ह्यात होते. वाऱ्यासारखी पळे, पण पेट्रोल ढोसते म्हणून लोकांनी पाठ फिरवली. १९९० च्या आसपास ती बंद झाली. खपली नाही म्हणूनच दुर्मिळ झाली, आणि आता म्हणे लाखांत जाते!

यंदा पावसाने सोयाबीन नेले. धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दादा, गाडी विकायची का?"

पुतण्या उसळला, "काका, थांबा! भाव वाढणारच."

मी हिशेब मांडला. २०२१ च्या सरकारी नियमाने ‘विंटेज’ म्हणवून घ्यायला पन्नाशी उलटावी लागते; म्हणजे २०३४ उजाडणार. शिवाय भाव मिळतो तो मूळ भागांना नि चोख कागदांना. आमची टाकी गंजलेली, कागद उंदरांनी चाखलेले. थांबलो तर गंजच वाढायचा.

लक्ष्मीपूजनाला किल्ली भावाच्या हाती दिली. म्हटले, "येईल त्यात हरभऱ्याचे बी आण."

निघताना एकदा किक मारून पाहिली. सुरू झाली नाही. बरेच झाले, नाहीतर किल्ली परत मागितली असती.