नऊ मुलांचं घर

मैत्रिणींनो, आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी सिंह नि हत्ती उभे राहतात, होय ना? मी मात्र आज तुम्हाला तिथल्या एका स्वयंपाकघरात नेणार आहे. देशाचं नाव एस्वातिनी. शाळेच्या भूगोलात आपण त्याला स्वाझीलँड म्हणत होतो. २०१८ साली तिथल्या राजांनी नाव बदललं. दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक यांच्या मध्ये वसलेला हा देश साधारण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याएवढा, आणि लोकवस्ती बारा लाखांच्या आसपास.

आमच्या ह्यांची कंपनीने दोन वर्षांसाठी जोहान्सबर्गला बदली केली आहे. मी पुण्यात एका शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे सुट्टी लागली की तिकडे. ह्यांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांची पत्नी मूळची एस्वातिनीची. ती दर दोन महिन्यांनी माहेरी जाते आणि जाताना डोंगरातल्या एका घरी मक्याच्या पिठाची पोती पोचवते. त्या घरी एक नवराबायको नऊ पोरकी मुलं वाढवतात. "येतेस का?" तिनं विचारलं, आणि मी निघालेच.

मोटारीने चार-साडेचार तासांचा रस्ता. आधी कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रांची उंच धुराडी, मग मैलोन्‌मैल पाइनची झाडं. ओशोकच्या नाक्यावर पासपोर्टावर शिक्का मारला की पलीकडचं गाव एन्ग्वेन्या, म्हणजे मगर! पुढे डोंगरांत राजधानी म्बाबाने, आणि तिथून कच्च्या रस्त्याने ते घर. नाव-पत्ता मुद्दामच देत नाही. मुलांची ओळख जपायची ही त्या घराची पहिली अट. आणखी तीन अटी फोनवरच सांगितल्या होत्या. मुलांना एकेकटं गाठून खाऊ द्यायचा नाही. फोटो काढायचे नाहीत. आणि "मी पुन्हा येईन हं" असं उगीच म्हणायचं नाही.

घरधनीण पन्नाशीची, एके काळची शिक्षिका. सिस्वाती भाषेत आईला "मागे" म्हणतात. मला आधी हसूच आलं, पण दिवसभर पाहिल्यावर वाटलं, शब्द बरोबर आहे. ही बाई खरोखरच नऊ जणांच्या मागे उभी आहे. आम्हाला पाहून "सानिबोनानी" असा नमस्कार झाला आणि लगेच हातात भाजी निवडायला आली. पाहुणी म्हणून खुर्चीवर बसवून ठेवलं नाही, हे मला फार आवडलं.

भाजी कसली म्हणाल, तर भोपळ्याची कोवळी पानं. देठाच्या शिरा काढायच्या, पानं बारीक चिरायची, कांदा-टोमॅटो आणि मीठ घालून थोड्या पाण्यात शिजवायची आणि शेवटी वरून चक्क दाण्याचं कूट! आपल्या मेथीच्या पातळ भाजीची सख्खी बहीण. सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला म्हणतात लिफालिशी, आणि वाडग्यात दाट आंबवलेलं दूध, एमासी. अगदी आपलं दहीच. परसात भोपळ्याचा वेल असेल तर ही भाजी करून बघाच.

भिंतीवर कामांचा तक्ता होता. पाणी, भांडी, झाडलोट, कोंबड्या. मुलगे आणि मुली असा भेद नाही. त्या दिवशी भांडी घासायची पाळी चौदा वर्षांच्या मुलाची होती आणि तो शीळ घालत घासत होता.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा देशात पोरकी मुलं एवढी का? उत्तर एका शब्दाचं आहे. एड्स. १९९० नंतर या रोगाने तिथे अक्षरशः मधली पिढी नेली. प्रौढांमध्ये दर चार माणसांत साधारण एकाच्या रक्तात एचआयव्ही. २००० नंतरच्या काही वर्षांत सरासरी आयुर्मान पंचेचाळिशीच्याही खाली गेलं होतं.

आणि मागेने मला जे सांगितलं ते ऐकून मी हातातली भाजी खाली ठेवली. त्यांच्यात आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, वडिलांच्या भावाला वडीलच. म्हणजे जुन्या रीतीत मूल सहसा अनाथ होतच नसे; एक आई गेली तर दुसरी असे. आपणही म्हणतो ना, माय मरो पण मावशी जगो. पण या रोगाने मायही नेली आणि मावशीही. उरल्या त्या आज्या. तिथे आजीला "गोगो" म्हणतात. २००५ पासून सरकार साठीपुढच्या वृद्धांना पैसे देतं, आणि कित्येक गोगोंनी त्यातच नातवंडांच्या वह्यापुस्तकांचं भागवलं. जिथे तेही जमेना, तिथे असली घरं उभी राहिली.

दिवस पालटलेत, हेही सांगायला हवं. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि २०२० साली हा देश बाधितांचं निदान आणि उपचार यांची जागतिक उद्दिष्टं गाठणाऱ्या जगातल्या पहिल्या काही देशांत आला. स्वयंपाकघरातल्या कुलपाच्या कपाटात मला गोळ्यांच्या दोन बाटल्या दिसल्या. कोणाच्या, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. लेबल मात्र वाचलं: भारतात तयार केलेल्या. मैत्रिणींनो, ऊर भरून आला. एके काळी या औषधांना माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केली, आणि मग गरीब देशांना ती परवडू लागली.

दुपारी मुलांनी त्यांच्या पेट्या दाखवल्या. प्रत्येकाच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी. तिच्यात आईचा डोक्याला बांधायचा रुमाल, एखादा फोटो, वडिलांचा खाणीतला बिल्ला. (तिकडचे कितीतरी पुरुष दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत कामाला जात.) मुलं आपापलं आडनाव लावतात, घराचं नाही. एवढंच नाही, तर प्रत्येक कुळाची पूर्वजांची म्हणून एक नामावळी असते, तिला "तिनानातेलो" म्हणतात. ती प्रत्येकाला पाठ हवी, असा मागेचा दंडक. सात वर्षांचं एक पोरगं छाती काढून आपली नामावळी म्हणायला लागलं, तेव्हा मला आपल्याकडच्या मुंजीतला गोत्र सांगणारा बटू आठवला.

"एवढं कशाला जपता? आता तुम्हीच त्यांची आई," मी म्हटलं.

मागे म्हणाली, "मी आहेच. पण मी काही त्यांचं कूळ नाही."

आणि मग तिनं त्या अकरा वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती ती. पाच वर्षं या घरात वाढलेली. तिच्या वडिलांची आई पूर्वेकडच्या कोरड्या सखल भागात राहते, आणि डिसेंबरात शाळेचं वर्ष संपलं की मुलगी तिच्याकडे कायमची जाणार. सरकारी समाजसेविका दोनदा घर बघून आली होती. एक खोली, पाणी लांब, शाळा त्याहून लांब. इथे वीज आहे, स्वतःचा पलंग आहे, गणित समजावणारी माणसं आहेत.

खरं सांगते, मला ते पटेना. शिक्षिकेचा जीव, मुलीच्या वह्या मी पाहिल्या होत्या, अक्षर मोत्यासारखं. मी तसं बोलूनही दाखवलं.

मागेने वादावादी केली नाही. म्हणाली, "इथे तिला सगळं मिळतं, पण तिचं अंगण मिळत नाही. उद्या तिचं लग्न ठरलं, तर गुरांचा बोल तिच्या वडिलांकडच्या माणसांनी करायचा असतो. मी म्हातारी झाले, हे घर बंद पडलं, तर ती कोणाच्या दारात जाईल? गोगो आहे तोवर तिनं त्या माणसांची व्हायला हवं."

"आणि तिला काही कमी पडलं तर?"

"पीठ इथून जाईल. छपराचे पत्रे गेल्या महिन्यातच गेले. शाळेचा गणवेश मी शिवतेय." जरा थांबून ती म्हणाली, "रडू येईल. पण ते मला येऊ दे, तिला नको."

तिचा नवरा शेजारी बसून बूट पॉलिश करत होता, नऊ जोड ओळीने. तो मान न उचलता म्हणाला, "पहिल्या मुलाच्या वेळी ही आठवडाभर जेवली नव्हती."

मैत्रिणींनो, मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही की त्या मुलीचं तिकडे सगळं नीट होईल. पण एक गोष्ट मला पटली. ज्याचे आईबाप गेले, त्याचं सगळंच गेलं असं आपण धरून चालतो, आणि मग उरलेले धागेही आपल्याच हातांनी तोडतो. आपल्याकडेसुद्धा आश्रमात राहणाऱ्या कितीतरी मुलांची आजी, मामा, कधी कधी आईसुद्धा हयात असते. नसतो तो पैसा. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना याचसाठी आहे. मूल नातेवाइकांच्या घरीच राहतं आणि मदत तिथे पोचते. तुमच्या कामवालीच्या, शेजारणीच्या नात्यात असं मूल असेल, तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करायला तिच्याबरोबर जा. अर्ज भरायला मदत करा. आपल्यासारख्या शिकलेल्या बायकांना ते सहज जमण्यासारखं आहे.

आणि मुलाच्या वाढदिवसाला किंवा पितृपंधरवड्यात आश्रमात जेवण देण्याची आपल्याकडे चांगली पद्धत आहे. ती चालू राहू द्या. मात्र केक कापून, फोटो काढून परत फिरण्याआधी तिथल्या बाईंना एक प्रश्न विचारा: यांतल्या कोणाला भेटायला घरचं कोणी येतं का? एखादी आजी लांबच्या गावाहून येऊ बघते, पण प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी तिला परवडत नाही, असं उत्तर आलं, तर पुढच्या वाढदिवसाचे पैसे त्या आजीच्या प्रवासासाठी देऊन या.