अक्षरजुळणी

आमच्या कळंबात लग्न ठरले की पहिली पत्रिका चिंतामणीला. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचे, देवापुढे पत्रिका ठेवायची, आणि मग मामा-मावश्या, सोयरेधायरे यांची यादी काढायला बसायचे. त्या पहिल्या पत्रिका छापणाऱ्यांपैकी आम्ही एक. पत्रिकेत शुद्धलेखनाची चूक राहिली तर ती पाहुण्यांच्या आधी देवाने वाचलेली असते, असे आमचे हे म्हणतात. म्हणून मुद्रित तीनदा तपासतात, आणि गिऱ्हाईक दारात ताटकळत उभे असते.

हे मूळचे जुळारी. शिशाचे खिळे उलटे वाचण्यात यांची उमेद गेली. अजूनही आरशातली पाटी हे सुलट्या पाटीपेक्षा लवकर वाचतात. यवतमाळच्या एका छापखान्यात खिळे जुळवता जुळवता संध्याकाळच्या वर्गात मराठी टंकलेखन शिकले, आणि पुढे कळंबला येऊन स्वतःचे ट्रेडल यंत्र घातले. ट्रेडल म्हणजे मोठे समजूतदार जनावर. शाई कोणत्या सालची, कागद कोणत्या गिरणीचा, अशी चौकशी त्याने जन्मात कधी केली नाही. पाय मारला की छापायचे, एवढेच त्याला ठाऊक.

मग २००६ साली घरात संगणक आला. त्यात विंडोज एक्सपी, पाने लावायला पेजमेकर, आणि मराठी अक्षरांचे एक सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरबरोबर काडेपेटीएवढे एक कुलूप आले होते. संगणकाच्या पाठीशी प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचे रुंद पोर्ट असे, त्यात ते खोचायचे. कुलूप जागेवर असले तर मराठी उमटणार. नसले तर पडदा कोरा. ह्यांनी त्याचे नाव ‘मंगळसूत्र’ ठेवले. घरातल्या खऱ्या मंगळसूत्राकडे कधी लक्ष गेले नसेल इतके ह्यांचे त्याच्याकडे लक्ष असे.

यंदाच्या आषाढात एका सकाळी बटण दाबले, पंखा फिरला, पण पडदा काही उजळेना. शेजारच्या मोबाईलच्या दुकानातला मुलगा या कामात वाकबगार आहे. त्याने पत्रा काढला, विजेरी मारली आणि डॉक्टरी चेहरा केला.

“काकू, हे पाहा. कपॅसिटर फुगले. बोर्ड गेला. याच्यात आता काई राम नाई राह्यला.”

“मग नवा घाल.”

“नवा कोनता घालू? नव्या बोर्डावर तुमची एक्सपी चालत नाई. अख्खा कॉम्प्युटरच नवा घ्या ना.”

मदरबोर्ड म्हणजे संगणकाची आई म्हणे. तर आमच्या यंत्राची आई वारली, आणि आता नवी आई आणायची ती सावत्र. मागली लेकरे तिने पदरात घेतली पाहिजेत. लेकरे कोण? तर एक्सपी, पेजमेकर, ते कुलूप, जुनी हार्ड डिस्क, आणि गोल टोकाचा कळफलक, ज्याच्यावरची अक्षरे ह्यांच्या बोटांनी केव्हाच पुसून टाकली आहेत.

घरात आजारी माणूस असले की सल्ला देणारे जसे दारातून हटत नाहीत, तसे झाले. पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितले, “मामी, नवं मशीन घ्या आणि त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून एक्सपी चालवा.” कल्पना सुरेख. संगणकाच्या आत दुसरा, कल्पनेतला संगणक. पण आमचे कुलूप कल्पनेतले नाही. त्याला खरेखुरे पोर्ट लागते, आणि ते नव्या यंत्राला नसते. शेजारचे बँकेतले गृहस्थ म्हणाले, “जग युनिकोडवर गेलं वहिनी, तुम्हीही जा.”

तेही खरे होते. पण ज्यांनी जुन्या मराठी फाँटमध्ये कधी काम केले नसेल त्यांना यातली ग्यानबाची मेख कळायची नाही. त्या फाँटांत संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. तो मनाशी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे मोजत असतो, आणि त्यांच्यावर काना, वेलांटी, अर्धा ‘स’ अशी चित्रे चिकटवलेली असतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. तिला युनिकोड ठाऊकच नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये पालटणारी साधने आहेत, पण मुलाने आमच्या एका पत्रिकेवर प्रयोग करून दाखवला तेव्हा सूर्यवंशींचा रफार उडून भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला आणि पहिल्या वेलांट्या घर चुकल्या. लग्नाच्या घरी अशी पत्रिका पाठवली तर व्याही दारात उभे करणार नाहीत.

आणि ह्यांची बोटे? ती टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली. सत्तरी ओलांडली आहे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. हे कळफलकाकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात. बोटे आपली आपण चालतात. यंत्र बंद पडल्यापासून हे दुपारी रिकाम्या टेबलाशी बसून राहात. मी चहा ठेवावा, तो निवावा. एकदा पाहिले, तर उजव्या हाताची बोटे टेबलावर हलत होती. कोणाचे तरी नाव टाइप करीत होते. त्या दिवशी मी ठरवले की बोर्ड आणायचा, आणि जुळणाराच आणायचा. तुळशीचे लग्न लागले की आमची सुगी, त्याच्या आत.

बायकांना या विषयात काय कळते, अशी शंका कोणाला असेल तर सांगते, स्थळे बघण्याचा अनुभव आम्हांला अधिक. मात्र लग्नात छत्तिसांपैकी अठरा गुण जुळले तरी अक्षता पडतात. इथे तशी सोय नाही. पस्तीस जुळून एक चुकला तरी पडदा काळा.

दुकानदार पहिल्यांदा विचारतो, बजेट किती? मुलगा विचारी, प्रोसेसर कोणता? मी उलट्या टोकाने निघाले. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हट्टी वस्तू कोणती? कुलूप. मग त्याला काय हवे, त्या सॉफ्टवेअरला काय हवे, मग एक्सपीला काय हवे, असे वर वर जायचे; बोर्ड सर्वांत शेवटी. उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर मी हे सारे लिहीत गेले, आणि मुलगा दुकान बंद झाल्यावर येऊन मोबाईलवर एकेक कंपनीची माहितीपत्रके उघडून दाखवी.

कुलपाला हवे खुद्द बोर्डावरचे पोर्ट. यूएसबीला जोडायची एक वायर मिळते, तिच्या दुसऱ्या टोकाला तसेच रुंद पोर्ट असते. पण ती वायर प्रिंटरशी बोलू शकते, कुलपाशी नाही. एक्सपीला हवे ड्रायव्हर, म्हणजे बोर्डावरच्या चिपांची ओळख करून देणारे मध्यस्थ. आणि इथे एक लक्ष्मणरेषा आहे. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सांभाळ थांबवला, पण बोर्ड बनवणाऱ्यांनी त्याआधीच हात आखडता घेतला होता. इंटेलच्या २०११ च्या एच ६१ चिपसेटपर्यंत एक्सपीचे ड्रायव्हर सरळ मिळतात. २०१३ च्या एच ८१ वर आले की पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागासाठी एक्सपीचा ड्रायव्हरच नाही. त्याच्याही पुढे, २०१५ नंतरच्या बोर्डांवर तर विंडोज ७ बसवतानासुद्धा यूएसबीचा माऊस आणि कळफलक मुके होतात, कारण त्या विंडोजला नव्या यूएसबीची भाषा येत नाही. मागे जायचे तर २००८ चा जी ४१ आहे. एक्सपीशी त्याचे छान जमते, पण तो आता फार थकला. म्हणजे दोन्ही काळांची ओळख ठेवून उंबरठ्यावर उभे असलेले स्थळ एकच, एच ६१.

मराठीचे आणि मदरबोर्डचे हे नाते काही आजचे नव्हे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले आणि ‘जिस्ट’ नावाचे कार्ड बाजारात आणले. डॉसच्या काळात ते बोर्डावरच्या खाचेत बसवले की काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. म्हणजे मराठी तेव्हा अक्षरशः एक वस्तू होती, हातात धरता येणारी. पुढे बोर्डांवरून ती जातीची खाचच गेली, आणि चांगली चालती कार्डे जागच्या जागी निरुपयोगी झाली. त्यांचे काही बिघडले नव्हते. बसायला जागा उरली नाही, इतकेच.

ऑगस्टमध्ये मी नागपूरला गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाल्यापासून गावाला आगगाडीचे कौतुक आहे, पण मला वेळेचा भरवसा हवा होता, म्हणून एसटी. सीताबर्डीत चार दुकाने झाली. एच ६१ म्हटल्यावर पहिल्याने चकचकीत खोक्यातला कोरा करकरीत बोर्ड काढला. या जुन्या चिपांवर चीनमधले लहान कारखाने अजून नवे बोर्ड काढतात, हे मला मुलाने सांगून ठेवले होते. मी खोके उघडायला लावले. कुलपाचे पोर्ट नव्हते. बोर्डावर ‘एलपीटी’ अशी बारीक अक्षरे आणि शेजारी पिनांच्या दोन ओळी असल्या तरी चालते, तिथून पट्टीची वायर काढून पोर्ट बाहेर घेता येते. पण त्याही नव्हत्या.

“मॅडम, एच ८१ न्या. त्याच भावात, दोन वर्षांनी नवा.”

“नवा आहे म्हणूनच नको,” मी म्हटले. गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या दुकानात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारले गेले असावे.

चौथ्या दुकानात वापरलेल्या मालाचा ढीग होता. तिथे एका नावाजलेल्या कंपनीचा जुना एच ६१ सापडला. कडेला एलपीटीच्या पिना, मागे कळफलकाचे गोल जांभळे भोक, आणि कपॅसिटर फुगणाऱ्या डबीचे नव्हेत, घट्ट जातीचे. आता प्रश्न खरा पडला. कोरा, वर्षाच्या हमीचा, पण कुलूप न स्वीकारणारा. की वापरलेला, बिनहमीचा, पण सगळे पदरात घेणारा? मी पर्समधून रुमालात बांधलेले मंगळसूत्र काढले आणि म्हटले, इथेच लावून दाखवा. दुकानदाराने वायर शोधली, दुसरा प्रोसेसर बसवला, एक्सपीची डिस्क जोडली. कुलूप लागल्याची खूण पडद्यावर आली तेव्हा दुकानातले दोघे-तिघे उगीचच टाळी वाजवून मोकळे झाले. प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी धरून तीन हजार दोनशे रुपये. ३२-बिटांची एक्सपी त्यातली सव्वातीनच मोजते. वरची पाऊण तिने देवाला वाहिली म्हणायची.

घरी आल्यावर मुलाने आधी जुन्या डिस्कच्या दोन नकला काढल्या. हे मी बजावले होते. मग डिस्क नव्या बोर्डाला जोडली, आणि निळा पडदा! ह्यांचा चेहरा उतरला. मुलगा मात्र हसला. “एक्सपीले नवी पद्धत समजत नाई, काकू. तिले जुनीच सांगा लागते.” बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने डिस्क ‘एएचसीआय’ ऐवजी ‘आयडीई’ पद्धतीवर टाकली, एक्सपीची दुरुस्ती चालवली, मध्यस्थ एकेक करून बसवले. रात्रीचे साडेअकरा वाजले. इंटरनेटची वायर या यंत्राला लावायची नाही, असा दंडक तेव्हाच घातला. सांभाळणारे कोणी नसलेल्या यंत्राला बाहेरच्या वाऱ्यात कशाला धाडायचे? गिऱ्हाइकांचे फोटो दुसऱ्या संगणकावर तपासून मग पेन ड्राइव्हने इकडे येतात.

जुन्याला कवटाळणारे आम्हीच, असे भाच्याने म्हणू नये म्हणून त्याला एक गोष्ट ऐकवली. २०१४ साली खुद्द ब्रिटिश सरकारने एक्सपीची मुदत एक वर्षाने वाढवून घ्यायला मायक्रोसॉफ्टला पंचावन्न लाख पौंड मोजले होते. आमचे तीन हजार दोनशे रुपयांत भागले. त्यानेही मग कबूल केले की विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून त्याच्या ऑफिसात हीच धावपळ झाली होती.

हे कायमचे नाही, हे मलाही कळते. मुलाची बहीण रोज संध्याकाळी दोन तास येते. जुन्या फायलींतल्या पाच-सहा निवडते, त्यांची पीडीएफ करते, आणि त्यांतली नावे युनिकोडमध्ये नव्याने टाइप करते. ह्यांना तिची रफार देण्याची रीत पसंत नाही. तिला ह्यांचा जुना ‘ल’ पसंत नाही. दोघांची चांगली जुंपते. फायली दोन हजारांच्या वर आहेत.

परवा एक गृहस्थ २००९ सालची पत्रिका घेऊन आले. थोरल्या मुलीची. “अशीच पायजे,” म्हणाले, “फक्त नावं बदला. आता धाकट्याचं हाय.” ह्यांनी कुलूप चाचपले, फाईल उघडली, आणि बोटे चालू लागली. वराचे नाव, वधूचे नाव, मुहूर्त. मग जरा थांबले, चष्मा वर केला, गृहस्थांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. ह्यांनी आजोबांच्या नावामागे ‘कै.’ घातले आणि ती ओळ पुन्हा मध्यावर आणून ठेवली.