डावा कान

1999 साली, माझे वडील अण्णा रिटायर व्हायला महिनाभर राहिला असताना, त्यांच्या कारखान्यात कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवायचं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी त्यांना आणायला गेलो होतो. डॉक्टरांनी आलेखाचा कागद दोनदा पाहिला आणि विचारलं, "काका, तुम्ही कधी बंदूक चालवत होतात का?"

अण्णा दचकले. चोवीस वर्षं त्यांनी पॉवर प्रेसवर काढली होती. कान गेला तो प्रेसनं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, प्रेसनं जातात ते दोन्ही कान सारखेच जातात. यांचा डावा उजव्यापेक्षा कितीतरी जास्त गेलाय. उजव्या खांद्याला दस्ता लावून माणूस नेम धरतो तेव्हा मान उजवीकडे कलते, उजवा कान खांद्याच्या नि डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान थेट नळीच्या तोंडाकडे होतो. बाराचा सगळा तडाखा त्यानं खायचा.

अण्णा काही बोलले नाहीत. घरी येताना पीएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी एकदा डाव्या कानाच्या पाळीला हात लावला, एवढं मला आठवतं.

बंदूक आबांची होती, म्हणजे माझ्या आजोबांची. इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली .315 ची बोल्टवाली रायफल, पाच गोळ्यांची. परवाना पिकाच्या राखणीचा. काडतुसं खडकीची. पितळी बुडावर इंग्रजीत के आणि एफ ही दोन अक्षरं ठोकलेली असत आणि रिकामी टरफलं आम्हा पोरांना शिट्टी वाजवायला मिळत. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा, आमच्या भोसरीपासून फार लांब नाही. तिथं बनलेली गोळी आमच्या ओट्यावर येऊन पडायची, याचं आम्हाला काही वाटत नसे.

आबांना नंतर दिसेनासं झालं आणि रायफल अण्णांच्या हाती आली. इंद्रायणीच्या पलीकडे, चाकणच्या पुढे, भामेच्या खोऱ्यात आमच्या आत्याचा ऊस होता. थंडीत रानडुकरं उतरायची. एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जायची. मग निरोप यायचा आणि अण्णा निघायचे. 1970 च्या हिवाळ्यात त्यांनी मलाही नेलं. मी आठ वर्षांचा होतो.

ती रात्र मला अजून दिसते. बांधावर घोंगडी, अंगावर दुसरी घोंगडी. पलीकडून हाकारे डबे बडवत होते. ते थांबले आणि मग इतकं शांत झालं की उसाचं पान पानाला घासल्याचं ऐकू यायचं. मी कानात बोटं घालायला लागलो तर अण्णांनी माझा हात खाली ओढला. हळूच म्हणाले, "कान झाकलास तर जनावर कुठनं येतंय ते कळायचं कसं? तोंड उघडं ठेव, म्हणजे दडे बसत न्हाईत." त्यांनी स्वतः कानात कापसाचा बोळासुद्धा कधी घातला नाही. शिकाऱ्याचे अर्धे डोळे कानातच असतात. कान बंद करून रानात बसणं म्हणजे आंधळ्यानं राखणीला बसण्यासारखं. मग बोल्टचा तो आवाज आला, वर, मागे, पुढे, खाली, चार तुकड्यांत. आणि बार.

त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही. अण्णांचे ओठ हलत होते. माझ्या कानात किडा शिरल्यासारखं किर्र चाललं होतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं. अण्णांच्या कानातलं किर्र पुढे कधी थांबलंच नाही, हे त्यांनी आम्हाला तीस वर्षांनी सांगितलं.

बार ऐकून गावं जागी व्हायची. सकाळी वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय, लागलं का?" एका बारात सगळ्यांना कळायचं की बंदूक कुणाची, कुठल्या शिवारात, किती वाजता. दुसरा बार झाला की पहिला चुकला हेही कळायचं. बंदूक धरणाऱ्याला लपता येत नसे. त्या आवाजात एक जबाबदारी होती, असं मला आजही वाटतं. पण त्या आवाजाचा गर्वही होता. कानठळ्या बसल्या म्हणजे बार मर्दाचा. ज्याला ऐकू येईना झालं तो मोठा शिकारी. म्हाताऱ्या शिकाऱ्यांशी ओरडून बोलायचं, हा आमच्याकडे त्यांचा मान होता. एका माणसाचा कान हळूहळू मरतो आहे, असं त्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. 1970 लाच भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी मिळून नगरपालिका झाली होती. एमआयडीसीत आमची जमीन गेली. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचा परवाना हा प्रकारच संपला. ते योग्यच झालं. ज्या माळावर मी लहानपणी तितर पाहिले तिथं आज पाहायला काही उरलेलं नाही. आबा गेल्यावर रायफल पुण्यातल्या परवान्याच्या दुकानात विकली. अण्णा 1975 मध्ये प्रेसशॉपला लागले.

आणि ते मारायचे काय? बॅफल. स्कूटरच्या सायलेन्सरात आडव्या बसतात त्या भोकांच्या गोल चकत्या. दीडशे टनी प्रेस, पायाखाली पेडल, एका स्ट्रोकला एक चकती. शेडमध्ये अशी नऊ प्रेसं शेजारी शेजारी. समोरच्याला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे. नियमात आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा लिहिलेली होती, पण त्या शेडमध्ये ती मोजायला आलेला माणूस अण्णांनी पाहिला नाही. कापसाचे बोळेही शेवटच्या चार-पाच वर्षांत मिळाले. गाडीचा आवाज मरावा म्हणून जी चकती बनत होती, तिनं बनता बनता त्यांचा उरलेला उजवा कान नेला. हे मी कुणाला सांगितलं की लोक गप्प होतात. मीही बराच काळ गप्पच होतो.

पुढे मी स्वतः त्याच धंद्यात पडलो. छोटी शेड, जॉबवर्क, सायलेन्सरचे आतले पाइप आणि चकत्या. म्हणून सायलेन्सर म्हणजे काय ते मी हातानं ओळखतो. दाबलेला गरम वायू एकदम बाहेर पडला की धमाका होतो. त्याला एकामागून एक खोल्यांत फिरवला, फुगू दिला, थंड होऊ दिला, की तो दमतो आणि सुस्कारा टाकून बाहेर पडतो. बंदुकीचं तत्त्वही हेच. हिराम पर्सी मॅक्सिम हा अमेरिकेतला मोटारींचा इंजिनिअर होता. 1909 साली त्यानं बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याच्या कंपनीनं इंजिनांचे सायलेन्सरही बनवले. त्याचे वडील म्हणजे मॅक्सिम मशिनगन काढणारे सर हिराम. स्वतःच्याच तोफखान्याशेजारी आयुष्य काढून ते म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. बहिऱ्या बापाच्या मुलानं सायलेन्सर केला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात आवाज किंवा ठिणगी कमी करणारं बंदुकीचं जोडकाम हेच मुळात बंदूक धरलं आहे. सामान्य माणसाला ते बाळगता येत नाही, आणि आपल्या रानांची अवस्था पाहता येऊही नये. चोरट्या शिकाऱ्याच्या हाती असलं काही पडलं तर गावाला सकाळी "लागलं का" असं विचारायलासुद्धा कारण उरणार नाही. इथं आवाज हीच वनखात्याची अर्धी राखण आहे.

पण माझा भाचा फिनलंडला असतो. तिथं शिकार परवान्यानं, मोजून, ठरल्या हंगामात होते, आणि रायफलीला सायलेन्सर लावणं हा तिथला रोजचा रिवाज आहे. नॉर्वेतही तसंच. कारण एकच, कान. शिकाऱ्याचा, त्याच्या कुत्र्याचा आणि शेजारच्या वस्तीचा. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा त्यानं मोबाइलवर दाखवलं. बर्चची झाडं, बर्फ, हातात बोल्टवाली रायफल आणि नळीच्या तोंडाला वीतभर लांब काळा डबा. तो म्हणाला, "मामा, बोल्टची असली की डबा सगळ्यात चांगला चालतो. हातानं उघडेपर्यंत मागचं दार बंदच. वायूला बाहेर पडायला पुढचीच वाट." माझ्या कानांत चार तुकड्यांतला तो आवाज आला. वर, मागे, पुढे, खाली.

त्यानं आकडे सांगितले. उघड्या रायफलीचा बार 160 डेसिबलच्या आसपास. डबा लावला की पंचवीस-तीस डेसिबल उतरतो. सिनेमातल्यासारखा फुस्स होत नाही, गोळी आवाजापेक्षा वेगानं जाते त्याचा कडाका राहतोच. पण 140 च्या वर एक बारसुद्धा कानाला कायमचा खाऊ शकतो, त्याच्या खाली येतो. म्हणजे फरक एवढाच की माणूस म्हाताऱ्या वयात नातवाचं बोलणं ऐकतो की नाही.

अण्णांचं काय गेलं ते मला माहीत आहे. आधी बारीक आवाज गेले. टिटवी गेली. मग स, श, फ गेले, "साखर" आणि "भाकर" सारखीच ऐकू यायला लागली. कार्तिकीला आम्ही त्यांना आळंदीला नेतो. कीर्तनात मृदंग त्यांना छातीत कळतो, टाळ कळत नाहीत. समोर शंभर टाळ वाजत असतात आणि ते नुसते हलताना बघत बसतात. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "आता टाळ घेत न्हाईत का रं?"

आणि आजची भोसरी? लांडेवाडी चौकात रात्री साडेदहाला उभं राहा. कंपनीनं दिलेला चांगला सायलेन्सर काढून, आतल्या चकत्या कापून, पोकळ नळकांडं बसवलेली बुलेट जाते. चौकात आली की मुद्दाम इंजिन क्षणभर बंद करून फट्टकन बार काढतात. पोरं खूश. मोटार वाहन नियम 120 सायलेन्सर सक्तीचा करतो, पोलिस असे सायलेन्सर पकडून रोडरोलरखाली घालतात, पण पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्या पोरांवर मला राग येत नाही. त्यांच्या तोंडावर तोच अभिमान दिसतो जो आमच्या शिवारात बारानंतर असायचा. फक्त बार तेव्हा सहा महिन्यांतून एकदा व्हायचा. आता तान्ह्या लेकराच्या खिडकीखाली रोज रात्री होतो, आणि सकाळी कुणी कुणाला विचारू शकत नाही की बाबा, कुणाचा होता.

बंदूक मात्र शहाणी झाली. बालेवाडीच्या रेंजवर जाऊन बघा, तिथल्या पोरापोरींच्या कानांवर मफ चढल्याशिवाय बोल्ट हलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचं ब्राँझ आणलं, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे उभे होते. अण्णा पडद्याच्या अगदी जवळ बसले होते. बोल्ट मागे ओढताना ते मान हलवत होते, ऐकल्यासारखी.

गेल्या दिवाळीत भाचा आला त्या संध्याकाळी त्यानं अण्णांनाही फिनलंडचा तो व्हिडिओ दाखवला. बार झाला. अण्णांना काहीच ऐकू आलं नसावं. त्यांनी धूर शोधला, मग नातवाकडे पाहिलं. "फुसका गेला का?"

त्यानं मान हलवली आणि दुसरं चित्र काढलं. डबा उभा कापलेला. आत वाटीसारख्या चकत्या एकावर एक, मधोमध भोक. अण्णांनी चष्मा पुसला. मोबाइल डोळ्यांशी नेला आणि नखानं मोजायला लागले. नऊ झाल्या.

"हे तर बॅफल," ते म्हणाले. मग बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले.

"ह्या मारतं कोण? कोण बसतं प्रेसवर?"

भाच्यानं त्यांच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं, "प्रेस नाही अण्णा. सीएनसी. बंद पेटीत मशीन कापतं, माणूस बाहेर असतो."

अण्णांनी त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं, माणूस बाहेर असतो ते. मग मोबाइल परत दिला.