खिशातलं पिस्तूल

टेक्सासमधला मराठी सॉफ्टवेअरवाला वीकेंडला काय करतो? कॉस्टको, लॉन, भारतात फोन. मीही हेच करतो. पण महिन्यातला एक शनिवार शूटिंग रेंजचा. माझ्याकडे १९२१ सालचं एक कोल्ट पिस्तूल आहे. ग्रीन कार्ड आल्यावर, रीतसर फॉर्म भरून, तपासणी होऊन घेतलेलं. (एच-वन वर हे साधारणपणे जमत नाही, नव्याने आलेल्या मंडळींनी लक्षात ठेवावं!)

मॉडेल १९०३ पॉकेट हॅमरलेस. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं. नावात हॅमरलेस असलं तरी हॅमर आहे बरं का, फक्त स्लाइडच्या आत लपवलेला. का? तर खिशातून काढताना अडकू नये म्हणून. साइट्सही त्यासाठीच बुटक्या, कडा गुळगुळीत. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच यूज केस, आणि नको ते सगळं काढून टाकलेलं. १९४५ पर्यंत अशी पाच लाखांहून जास्त पिस्तुलं निघाली.

आत लॉकिंगची भानगडच नाही. स्लाइडचं वजन आणि एक स्प्रिंग, एवढ्यावर सगळा धक्का पेलला जातो. .३२ ची गोळी मवाळ, म्हणून हे चालतं. मुठीच्या मागची पट्टी तळहाताने दाबल्याशिवाय पिस्तूल उडत नाही. पण इतक्या जुन्या पिस्तुलात मॅगझीन काढलं तरी चेंबरमधली गोळी सुटू शकते. म्हणून स्लाइड मागे ओढून आधी डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं. दर वेळी.

रेंजवर सात यार्डांवर कागद लावतो. साइट दिसायची मारामार, पण नेम धरला की आठही गोळ्या तळहाताएवढ्या गोलात येतात. शेवटची सुटल्यावर स्लाइड उघडी राहत नाही, त्यामुळे मनात मोजत राहावं लागतं. त्या मोजण्यात सोमवारचा रिलीज वगैरे सगळं विसरायला होतं.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने फोनवर एवढंच विचारलं, "अरे, पण ते बनवलंय कशासाठी?"

खरं उत्तर असं की लपवून नेऊन, जवळून, माणसावर चालवण्यासाठी. १९१४ साली साराजेव्होत आर्चड्यूक फर्डिनांडचा जीव घेतला तोही ब्राउनिंगच्याच डिझाइनच्या अशाच छोट्या पिस्तुलाने. आणि ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या त्या बेरेटा एम १९३४ मधून. तेही खिशात मावणारंच. झाडणारा पुण्याहून गेलेला. त्यानंतर सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जी घरं जाळली गेली, त्यात आईच्या माहेरचंही होतं. ती जन्मली त्याच्या नंतर, पण काळवंडलेली तुळई बघत वाढली. तिच्यासाठी पिस्तूल म्हणजे ती तुळई. मशीन किती सुंदर आहे हे तिला काय सांगणार?

विकून टाकावं असं मात्र वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी घासून-पुसून बसवलेले ते भाग हातात घेतले की आजही आदर वाटतो. टेक्सासमध्ये २०२१ पासून बऱ्याच लोकांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. मी बाळगत नाही. घर, तिजोरी, रेंज, पुन्हा तिजोरी. खिशासाठी बनवलेली वस्तू खिशात घालायची नाही, हा मी काढलेला तोडगा.

आईला तो अजून पटलेला नाही. असो.