गळती

निपाणीच्या आमच्या वाड्यात तंबाखूचा वास भिंतींतही मुरला आहे. गेल्या दिवाळीत लंडनहून आलेल्या नातवाचा खिसा ओला दिसला. विजेवरच्या सिगारेटीची टाकी गळत होती. २०१९च्या कायद्याने तिची आयातही येथे बंद आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. “आजोबा, रबरी कडी फाटली असेल,” म्हणत तो बोटे विजारीला पुसू लागला. दवाने भिजलेले तंबाखूचे शेंडे खुडताना आमच्या मळ्यातील बायकांना मळमळून चक्कर येई. निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते. मी त्याला आधी साबणाने हात धुवावयास लावले. मग टाकी उघडली. कडी शाबूत होती. कॉइलचा आटा तेवढा सैल. उपदेश ओठांवर आला; पण हे घर तंबाखूच्याच वखारीवर उभे राहिलेले! मी कॉइल घट्ट बसवून दिली.