एका 'एस'ची भानगड

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, मराठी माध्यमातून आलेला. त्याचा कोड वाचताना बरं वाटतं इतका स्वच्छ. पण क्लायंटचा कॉल सुरू झाला की साहेब गप्प! कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, तो 'एस' कुठे लावायचा तेच कळत नाही." आता अप्रेझलमध्ये 'बोलत नाही' असा शेरा बसला की पगारवाढ गेलीच ना... म्हणून हल्ली जेवणानंतर आम्ही दोघं वर्तमानकाळ घेऊन बसतो.

खरं तर गंमतच आहे. मराठीत 'करणे' चालवून बघा: करतो, करते, करतोस, करतेस, करतं, करता, करतात. सात रूपं, तीही लिंगासकट, आणि शाळेत जायच्या आधीच आपल्याला येतात. इंग्रजीत काय, तर वर्क आणि वर्क्स. संपलं! ('बी' तेवढं आगाऊ. त्याला ॲम, इज, आर अशी तीन लागतात.) बरं, हा 'एस'सुद्धा मूळचा उत्तर इंग्लंडच्या बोलीतला, म्हणजे गावठीच. १६११ सालच्या बायबलमध्ये 'मेक्स' नाही, 'मेकेथ' आहे.

'ही वर्क्स' पण 'ही डझन्ट वर्क', असं का? मी म्हटलं, अरे, लॉक समज. एका वेळी एकाच थ्रेडकडे. 'डू' आलं की ते लॉक घेतं, मग 'वर्क'ला मिळत नाही. 'कॅन', 'मस्ट' तर लॉक मागतच नाहीत. हे त्याला दोन मिनिटांत पटलं.

पण माझ्या मते खरा घोळ 'एस'चा नाहीच, आपल्या 'करतो'चा आहे. "उद्यापर्यंत करतो" हे मराठीत वचन झालं. त्याचं सरळ 'आय डू इट' केलं की समोरच्याला वाटतं, हा हे काम नेहमीच करतो. तिथे 'आय विल' हवं. आणि 'करतोय'? "मी २०२२ पासून इथे काम करतोय" यात आपल्याला काही खटकत नाही, काम चालूच आहे ना! इंग्रजीला मात्र तिथे 'हॅव बीन वर्किंग' लागतं. ('आलोच' म्हणून अजून खुर्चीतच बसलेल्या माणसाचा काळ कुठला, हे विचारू नका.)

बुधवारच्या कॉलवर तो पहिल्यांदा आपणहून बोलला. रात्रीचा जॉब पडत होता, तो त्याच्याकडेच होता. म्हणाला, "इट इज फेलिंग सिन्स मंडे." मी म्यूटवर होतो, मनात 'हॅज बीन, हॅज बीन' चाललेलं. पलीकडची बाई म्हणाली, ओके, सोमवारपासूनचे लॉग पाठव. त्याने पाठवले. मग तिने आणखी दोन प्रश्न विचारले, तेही त्यालाच.

'हॅव बीन' आता सोमवारी घेऊ.